राउटर उलटा टांगताना

राउटर हातात धरून चालवतो तेव्हा लाकूड जागेवर असतं आणि यंत्र त्याच्यावरून फिरतं. तोच राउटर फळीच्या पोटाला उलटा टांगला, बिट फळीतल्या भोकातून वर काढलं, की यंत्र जागेवर राहतं आणि लाकूड आपण सरकवतो. राउटर टेबल म्हणजे मुळात एवढंच. कारखान्यांतलं स्पिंडल मोल्डर नावाचं जड यंत्र याच रीतीनं चालतं. टेबल हे त्याचं घरात मावणारं रूप.

मला ते हवं होतं ते जुन्या सागवानासाठी. गावच्या घराचं छप्पर उतरवलं तेव्हा निघालेल्या तुळया आम्ही टिंबर मार्केटमधून चिरून आणल्या. त्यांतून स्वयंपाकघरातल्या कपाटांची दारं करायची आहेत. भोवती चौकट, मध्ये तावदान. ८ दारं म्हणजे चौकटीच्या ३२ पट्ट्या. प्रत्येक पट्टीच्या आतल्या कडेला ६ मिमीची खोबण, आणि १६ आडव्या पट्ट्यांच्या दोन्ही टोकांना त्या खोबणीत घुसणारी जीभ. पट्टीची कड जेमतेम २० मिमी रुंद. एवढ्याशा कडेवर राउटरचा तळ टेकवून, तोल सांभाळत तो ३२ वेळा सरळ नेणं हे माझ्या मते काम नव्हे, हट्ट आहे. टेबलावर हीच पट्टी फेन्सला, म्हणजे टेबलावरच्या उभ्या आडोशाला, टेकवून सरळ ढकलता येते.

टेबल हवं यावर माझं आणि धाकट्या दिरांचं एकमत होतं. घ्यायचं की बनवायचं, यावर मात्र अजिबात नव्हतं. ते इथे कोल्हापुरात, उद्यमनगरमधल्या एका मशीन शॉपमध्ये मेंटेनन्सचं काम बघतात. लोखंड आणि ॲल्युमिनियम हा त्यांचा रोजचा व्यवहार, माझा लाकडाचा. आमच्या बोलण्यातून ज्या गोष्टी उलगडल्या त्या टेबल घेणाऱ्या आणि बनवणाऱ्या दोघांनाही लागतील, म्हणून ते बोलणंच मांडते.

भाऊजी: काय ओ वहिनी, एक फळी, चार पाय आणि मध्ये एक भोक. त्याला राउटरइतके पैसे मोजणार?

मी: भोक एकच आहे, पण पैसे भोवतालच्या फळीचे आहेत. राउटर पाच-सहा किलोचा. तो कायम मधोमध लोंबकळणार. साध्या प्लायचं पोट हळूहळू खाली जातं. मध्ये अर्ध्या मिलिमीटरचा खड्डा पडला तरी लांब पट्टी त्यावरून पुलासारखी जाते आणि टोकाशी आली की खाली झुकते. खोबण एका ठिकाणी उथळ, दुसरीकडे खोल. मग जीभ कुठे अडते, कुठे हलते.

भाऊजी: मग प्लाय नको. १८ मिमी एमडीएफचे दोन तुकडे एकमेकांना चिकटवू. ३६ मिमी जाड फळी झाली. खाली दोन अँगल मारले की हत्ती उभा राहील त्याच्यावर.

मी: आणि आपल्याकडचा पाऊस? एमडीएफची कापलेली कड ओल पिते आणि फुगते. सनमायका वरूनच लावला तर खालची उघडी बाजू ओल घेते, वरची घेत नाही, आणि फळी वाकते. वर, खाली, चारी कडांना, सगळीकडे बंद करावी लागेल.

भाऊजी: करू की. त्यात काय अवघड आहे?

मी: अवघड नाही, वेळखाऊ आहे. मग राउटर जिला टांगतात त्या प्लेटसाठी चौकोन कापायचा. साधारण ३०० बाय २३५ मिमी. सगळा आरपार नाही, चारी बाजूंनी प्लेटच्या जाडीइतका खोल काठ सोडून. त्याआधी तेवढाच नेमका साचा बनवायचा. मग फेन्स, तिचे क्लॅम्प, भुसा ओढणारं तोंड. मला दारं करायची आहेत, भाऊजी. टेबल बनवण्याच्या कामाला लागले तर तुळया पुढच्या पावसाळ्यापर्यंत तशाच पडतील.

भाऊजी: पण बनवलेलं टेबल तुमच्या मशीनचं असतं. विकतची प्लेट कुणाच्या मशीनसाठी भोकं पाडून येते? बघितलंय मी. परदेशी मॉडेलांच्या भोकांची चाळण केलेली असते, आणि आपल्या राउटरचा एक स्क्रू त्यातल्या एकाही भोकावर बसत नाही. शेवटी भोकं पाडायला माझ्याचकडे येणार.

यात ते अगदी बरोबर होते. आपल्याकडे टेबल घेणाऱ्यानं ही गोष्ट आधीच धरून चालावी. कोरी प्लेट मिळाली तर ती घ्यावी. चाळण केलेल्या प्लेटपेक्षा ती बरी, कारण नवीन भोक जुन्या भोकाच्या कुशीत पडायची भीती नसते.

बाजारात काय मिळतं तेही सांगते. एक म्हणजे बाकावर ठेवायची छोटी टेबलं. वर ॲल्युमिनियमचा पातळ ओतीव पत्रा, खाली प्लास्टिकचे किंवा पत्र्याचे पाय. ही ट्रिमर, म्हणजे हातात मावणारा छोटा राउटर, त्याच्यापुरती ठीक. मोठा राउटर लावला आणि मीटरभर लांबीची पट्टी ढकलली की टेबलच सरकायला लागतं. दुसरी, जमिनीवर उभी राहणारी, साधारण ६०० बाय ८०० मिमीची, दोन्ही बाजूंनी लॅमिनेट लावलेल्या जाड एमडीएफची. तिसरी, ओतीव लोखंडी फळीची. ती कधी झुकत नाही, पण पावसाळ्यात गंजते आणि दोघांशिवाय हलत नाही. माझी नजर दुसरीवर होती. भाऊजी अर्थातच तिसरीकडे झुकले होते आणि फौंड्रीत ओतून, मिलिंग करून देतो असंही म्हणाले. कोल्हापुरात ते खरंच शक्य आहे. तरी घराच्या गच्चीवरच्या खोलीत तेवढं वजन मला नको होतं.

भाऊजी: बरं, टेबल राहू द्या. त्याच्या पोटाला बांधणार काय? तो तुमचा हातातला ट्रिमर?

मी: ट्रिमर नाही. त्याचा वेग तीस हजार फेऱ्यांच्या घरात आणि तो कमी-जास्त होत नाही. ६ मिमीची खोबण तो कशीबशी पाडेल, पण तावदानाच्या कडेला उतार काढायचं बिट ८० मिमी व्यासाचं असतं.

भाऊजी: ८० मिमी? थांबा, हिशेब करू. व्यास गुणिले पाय गुणिले फेऱ्या. बावीस हजार फेऱ्यांना बिटाची कड सेकंदाला ९२ मीटर पळणार. म्हणजे ताशी ३३० किलोमीटर. आणि ६ मिमीचं बिट?

मी: त्याच फेऱ्यांना ताशी २५ किलोमीटर.

भाऊजी: म्हणजे ते मोठं बिट पूर्ण वेगात चालवायचंच नाही.

मी: नाहीच. दहा हजारांवर आणायचं, म्हणजे कड ताशी १५० पर्यंत येते. म्हणून वेग बदलता येणारा राउटर हवा. शक्ती पंधराशे वॉटच्या वर, आणि शँक, म्हणजे बिटाची दांडी, अर्ध्या इंचाची. पाव इंची शँकवर एवढं मोठं बिट लावूच नये.

भाऊजी: मग घरातलं वायरिंगही बघा. २१०० वॉटचं मशीन ९ अँपियर खेचतं. साध्या ६ अँपियरच्या सॉकेटवर लावलंत तर पिन तापेल. १६ अँपियरचा पॉइंट, अर्थिंगसकट. तो मी ओढून देतो.

इथे मला दुकानातल्या बोलण्याबद्दल एक सांगितलंच पाहिजे. आपले मिस्त्री सुताच्या मापात बोलतात. इंचाचे आठ सूत. दोन सूत म्हणजे पाव इंच, चार सूत म्हणजे अर्धा. दुकानदार ‘चार सुती’ आणि ‘बारा एमएम’ एकाच अर्थानं वापरतो. पण अर्धा इंच म्हणजे १२.७ मिमी. १२ मिमीची शँक अर्ध्या इंचाच्या कॉलेटमध्ये, म्हणजे ती पकडणाऱ्या नळीत, घातली तर नट कितीही आवळा, पकड खरी बसत नाही, आणि वीस हजार फेऱ्यांना बिट सरकत सरकत वर येतं. ६ मिमी आणि पाव इंचाचंही तसंच; तिथे फरक ०.३५ मिमीचाच, म्हणून नजरेला कळत नाही. बिट घेताना कॅलिपर बरोबर न्यावा आणि शँक दुकानातच मोजावी. दुकानदाराला राग आला तरी चालेल.

बिटाची दुसरी बाब सागवानाची. सागात सिलिका असते आणि ती धार खाते. साध्या पोलादाचं बिट त्यात फार टिकत नाही, कार्बाइडचंच लागतं. आणि कार्बाइड ठिसूळ. जुन्या तुळईत खिळ्याचं टोक राहिलं असेल आणि बिट त्यावर आपटलं, तर तुटलेला तुकडा कुठे जाईल याचा नेम नाही. म्हणून प्रत्येक पट्टीवरून आधी जोरदार लोहचुंबक फिरवायचा. हे भाऊजींनी सुचवलं आणि चुंबकही त्यांनीच आणून दिला.

भाऊजी: आता स्विचचं बोला. राउटरचा स्विच टेबलाखाली, उलटा, भुशात. तो शोधायला वाकणार तेव्हा वर बिट फिरतंय.

मी: म्हणूनच टेबलाच्या पुढच्या पायावर वेगळा स्विच हवा. राउटरचा स्वतःचा स्विच चालू करून अडकवून ठेवायचा आणि वीज बाहेरच्या स्विचमधून द्यायची.

भाऊजी: साधा स्विच नाही चालायचा. लाइट गेली आणि तुम्ही खाली चहाला गेलात. लाइट आली की वर खोलीत मशीन आपोआप सुरू. शेजारचं पोर तिथे खेळत असलं तर?

मी: मग काय लावायचं?

भाऊजी: शेतातल्या मोटरीला असतो तसला स्टार्टर, सिंगल फेजचा. वीज गेली की त्याची कॉइल सुटते. परत आली तरी हिरवं बटण दाबल्याशिवाय मोटर उठत नाही. शेतात लोक त्याला वर ऑटो जोडतात, रात्री-अपरात्री लाइट आली की पंप सुरू व्हावा म्हणून. इथे तो ऑटो तेवढा जोडायचा नाही.

विकतच्या टेबलांबरोबर येणारा ‘नो-व्होल्ट’ स्विच हेच काम करतो. सगळ्यांबरोबर तो येत नाही, आणि किंमत कमी करायला आधी तोच वगळलेला असतो. मला विचाराल तर फळी थोडी लहान चालेल, पाय साधे चालतील, पण हा स्विच नसलेलं टेबल घरात वापरू नये. बिट बदलताना मात्र त्याच्यावरही भिस्त ठेवायची नाही; प्लग सॉकेटमधून ओढून समोर ठेवायचा.

टेबल शेवटी मी विकतच घेतलं. खोकं आलं तेव्हा त्यातला कागद भाऊजींनी बाजूला ठेवला आणि सगळे नट-बोल्ट आकारानुसार वाट्यांत लावले. पाय जोडताना त्यांनी एकही बोल्ट पूर्ण आवळू दिला नाही. सगळे बोल्ट हातानं फिरतील इतपत ठेवायचे, सांगाडा जमिनीवर उभा करायचा, कर्ण मोजून दोन्ही सारखे येईपर्यंत हलकेच ढकलायचा, चारी पाय टेकले की मग आवळायचं. आधी आवळलं तर एक पाय अधांतरी राहतो आणि नंतर त्याखाली पुठ्ठा घालत बसावं लागतं.

मग त्यांनी मीटरभर लांबीची स्टीलची पट्टी काढली, फळीवर कर्णावर आडवी ठेवली आणि खालून फीलर गेज, म्हणजे ठरावीक जाडीची पाती, घालून पाहिला.

भाऊजी: हे बघा. ०.४ गेली. राउटर अजून टांगलाही नाही.

मी: नवीन फळी आहे हो ही!

भाऊजी: नवीन आहे म्हणून सपाट असेल असं कुणी सांगितलं? कास्टिंग नवीन आलं तरी आम्ही आधी मोजतो.

परत पाठवायची की सुधारायची, यावर आमचं बरंच बोलणं झालं. पैसे दिले ते सपाटीचे, तर सपाटी मिळालीच पाहिजे, हे माझं म्हणणं. बदलून येणारी फळीही अशीच असली तर, हे त्यांचं. शेवटी त्यांनी फळीच्या पोटाला लांबीच्या दिशेनं दोन लोखंडी अँगल लावले, प्लेटच्या चौकोनाच्या दोन बाजूंना. अँगल आणि फळी यांच्यामध्ये, मधल्या भागात, कागदाच्या पट्ट्या सरकवत गेले. छपाईचा साधा कागद ०.१ मिमीचा असतो. त्यामुळे माप आपोआप कळतं. स्क्रू आवळले की टोकं खाली ओढली जातात आणि मधलं पोट वर येतं. राउटर टांगून पुन्हा मोजलं. फीलरचं सगळ्यात पातळ पातंही जाईना. मी स्वतः टेबल बनवायला घेतलं असतं तर या कामाची वेळ आली असतीच. विकत घेतलं म्हणून ती टळली नाही, हे नोंदवायलाच हवं. पण फेन्स, प्लेट आणि कोरलेला चौकोन तयार मिळाला, आणि तो माझ्या हातून इतका नेटका झाला नसता. म्हणून पहिलं टेबल विकत घ्यावं या मतावर मी अजून ठाम आहे.

प्लेटला भोकं पाडायला ती उद्यमनगरला गेली. राउटरच्या तळाची काळी प्लास्टिकची चकती काढायची, दुहेरी चिकटपट्टीनं प्लेटला चिकटवायची आणि तिच्याच भोकांतून खुणा करायच्या. खुणा कोणत्या बाजूनं केल्या ते नीट बघावं, कारण प्लेट उलटली की रचनाही उलटते. भोकांची तोंडं वरून शंकूसारखी खोदावी लागतात, स्क्रूची डोकी पृष्ठभागाच्या किंचित खाली जातील इतकी. आणि भोकं पाडायच्या आधी राउटर टेबलाखाली कसा फिरवून बसवायचा ते ठरवावं. उंचीचा आणि वेगाचा खटका आपल्या हाताकडे आला पाहिजे.

प्लेट चौकोनात बसवल्यावर कोपऱ्यांतल्या छोट्या स्क्रूंनी ती फळीच्या पातळीला आणतात. स्टीलची फूटपट्टी सांध्यावर चारी बाजूंनी सरकवून बघायची. प्लेट वर राहिली तर लाकूड आत जाताना अडतं, खाली राहिली तर बाहेर पडताना. ढकलताना मध्येच अडलेलं लाकूड फार वाईट, कारण आपण नकळत जोर वाढवतो आणि ते सुटतं तेव्हा हात पुढे जातो.

भाऊजी: आता फेन्स. टेबलाच्या कडेला समांतर आहे का ते मोजू.

मी: मोजू नका. गरज नाही.

भाऊजी: गरज नाही? वहिनी, मशीनला समांतर नाही तर दुसरं काय लागतं?

मी: करवतीच्या टेबलाला लागतं, कारण पातं सपाट असतं. इथे बिट गोल आहे. फेन्स कुठल्याही कोनात ठेवा, फेन्सपासून बिटाचं अंतर एकच. उलट ते सोयीचंच. एक टोक घट्ट करा आणि दुसरं १ मिमी सरकवा. मधल्या बिटापाशी अर्धाच मिलिमीटर फरक पडतो. बारीक माप असंच साधतात.

भाऊजी: आणि ही खाच दिलीये ती? ह्याच्यात सरकणारा तो गेज?

मी: तो वापरला तर समांतर करावं लागेल. मी वापरणार नाही. काटकोनात कापलेला लाकडी ठोकळा फेन्सला टेकवून त्याच्या पुढ्यात पट्टी धरायची आणि दोन्ही मिळून ढकलायची. टोकाचे तंतू बाहेर पडताना फाटतात, त्यांनाही ठोकळ्याचा मागून आधार मिळतो.

ते बराच वेळ बिटाकडे बघत राहिले आणि मग पटलं. मात्र फेन्स टेबलाशी ९० अंशांत उभी आहे का, हे त्यांनी गुण्या लावून पाहिलंच, आणि ते आवश्यकच आहे. फेन्स कलली तर खोबण कलते.

फेन्सच्या दोन पाट्या वेगळ्या सरकतात, हे मला सगळ्यांत आवडलेलं. बिटाच्या दोन्ही बाजूंनी त्या जवळ आणल्या की फट अगदी कमी राहते आणि पट्टीचं टोक आत घुसत नाही. आणि डाव्या पाटीच्या मागे सनमायक्याचा एक तुकडा सरकवला, बिटाची कड त्या पुढे आलेल्या पाटीशी जुळवली, की टेबल रंध्याचं काम करतं. उजवीकडून आलेल्या पट्टीची कड मिलिमीटरभर कमी होते आणि डावीकडे तिला तितकाच आधार मिळतो. जुन्या तुळईतून निघालेल्या वाकड्या कडा अशा सरळ झाल्या. ज्यांच्याकडे मोठं रंधा मशीन नाही त्यांनी एवढ्या एका गोष्टीसाठी तरी टेबल घ्यावं.

पहिली खोबण पाडायच्या आधी मात्र मी भाऊजींना थांबवलं. त्यांनी पट्टी डावीकडून लावली होती.

मी: उजवीकडून डावीकडे. नेहमी.

भाऊजी: का?

मी: राउटर उलटा आहे. वरून बघितलं तर बिट घड्याळाच्या उलट्या दिशेनं फिरतं. आपल्याकडची त्याची बाजू उजवीकडे जाते. लाकूड डावीकडे ढकललं की धार समोरून येते, आपल्याला रेटा जाणवतो आणि पट्टी फेन्सकडे दाबली जाते. डावीकडून ढकललं तर धार लाकडाबरोबरच पळते. ती पट्टी हातातून ओढून घेते आणि पट्टीच्या मागून आपला हात जातो.

भाऊजी: मिलिंगलाही हेच असतं. टेबलाचा स्क्रू ढिला असला आणि उलटा फीड दिला की जॉब उडतो.

मी: मग तुम्हाला हेही पटेल. बिट आणि फेन्स यांच्यामध्ये लाकूड कधी घालायचं नाही. तिथे बिटाची पलीकडची बाजू कापते आणि ती डावीकडे पळते. पट्टी बाणासारखी जाते.

खोबण नेमकी मधोमध येण्याची युक्ती याच नियमावर उभी आहे. पट्टीची एक बाजू फेन्सला टेकवून एकदा जायचं, मग पट्टी उलटून दुसरी बाजू टेकवून पुन्हा. खोबण आपोआप मध्यावर येते, मापायची गरज उरत नाही. यासाठी बिट खोबणीच्या रुंदीपेक्षा थोडं लहान लागतं. मी ५ मिमीचं घेतलं. पण बिट पट्टीच्या मध्यापासून किंचित आपल्याकडे सरकलेलं हवं, फेन्सकडे नाही. तसं असलं तर दुसऱ्या फेरीत आपल्याकडची भिंत कापली जाते, म्हणजे धार समोरून येते. फेन्सकडे सरकलेलं असलं तर दुसऱ्या फेरीत पलीकडची भिंत कापली जाते आणि पट्टी पळायला बघते. हे समजायला भाऊजींनी कागदावर वर्तुळ काढून बाण घातले. ते चित्र आता टेबलाच्या पायाला चिकटवलं आहे, बाहेरून येणाऱ्या प्रत्येकासाठी.

खोली १० मिमी लागते, पण एका दमात नाही. दर फेरीला ३ मिमीच्या आसपास. त्याहून जास्त घेतलं तर बारीक बिट तापतं, लाकूड करपतं आणि धार जाते. बिट बसवताना शँक कॉलेटच्या तळापर्यंत घालून २-३ मिमी वर ओढावी आणि मग आवळावी, म्हणजे कॉलेट नीट मिठी मारतं. पट्टीच्या शेवटच्या वीतभर भागात बोटांऐवजी ढकलणी वापरावी. फेन्सवरून आणि समोरून पट्टी दाबून धरणारी, कंगव्यासारख्या दातांची दोन फळकुटं मी सागाच्याच तुकड्यांतून कापली. ती पट्टीला मागे येऊ देत नाहीत.

भुशाबद्दल आमच्यात वाद नव्हता. सागाचा बारीक भुसा अंगाला खाजतो, घशात बसतो. लाकडाच्या धुळीला जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेनं १९९५ मध्येच मानवी कर्करोगाच्या निश्चित कारणांत धरलं आहे. फेन्सच्या तोंडाला व्हॅक्यूमची नळी, नाकावर एन ९५ मास्क, कानावर मफ. खोबण पाडताना मात्र बिट पट्टीच्या पोटात असतं आणि भुसा खालीच पडतो. त्यासाठी राउटरभोवती पेटी करून तिलाही नळी जोडावी लागते. ती पेटी भाऊजी करताहेत. राउटरला थंड हवा मिळायला हवी म्हणून तिच्या एका बाजूला जाळी ठेवा, असं मी त्यांना सांगितलं आहे.

उरला उंचीचा प्रश्न. राउटर दाबून खाली जाणारा आहे. उलटा टांगल्यावर त्याची स्प्रिंग त्याला सतत खाली ढकलते, आणि मिलिमीटरचा दहावा भाग वर-खाली करायला गुडघ्यावर बसून चाचपडावं लागतं. प्लेटवरूनच किल्लीनं फिरणारी लिफ्ट बाजारात मिळते.

भाऊजी: लिफ्ट कशाला? गाडीचा जॅक खाली लावतो. फिरवला की वर.

मी: आणि थरथरीनं खाली आला तर?

भाऊजी: जॅक फक्त उचलायला. उचलून झालं की राउटरचा खटका आवळायचा, मग जॅकवर काही नाही. कॅलिपर लावून बघा.

कॅलिपर लावला. चार पट्ट्या पूर्ण खोलीनं काढल्यावर माप तसंच होतं. जॅक सध्या टेबलाखाली आहे. दारांच्या चौकटी पूर्ण झाल्या की तावदानांच्या उतारासाठी मोठं बिट लावायचं, तेव्हा फेरीगणिक उंची बदलावी लागेल आणि लिफ्टचा विषय पुन्हा निघेल. भाऊजी म्हणतात, ते ती शॉपमध्ये स्वतः बनवतील. मी किंमत विचारून ठेवली आहे.